कव्हर

कळंब्याच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीवर
आमचं केंद्र. जिना चढताना पाय थरथरतात,
ते गिरणीनं की गोळ्यांनी,
पहिले दोन महिने मला कळलंच नाही.

मॅडमनी विचारलं होतं, कशात रमतं मन?
कशातच नाही, म्हणालो.
त्यांनी ते लिहून घेतलं.
दस्तगीर मुजावरनं काहीच विचारलं नाही.
एकेकाळी उद्यमनगरात स्कूटरच्या टाक्या रंगवायचा तो.
टाकीवर शेवटचा हात फिरवावा
तशी बोर्डावर पावडर पसरली
आणि म्हणाला, "काळ्या तुझ्या."

माझा स्ट्रायकर सोंगटीला न शिवता
थेट भोकात.
"नऊ वर्षं झाली, माझाबी हात हलतोय.
हलू दे की. बोर्ड कुठं हलतोय?"

घरी सगळे माझ्याशी हळू बोलायचे,
दुधावरची साय मोडेल जणू.
इथं सुलभा चौगुले जिंकली की टेबल बडवायची,
बाहुबली मगदूम हरला की
अख्ख्या आजाराला शिव्या घालायचा,
आणि सव्वा वर्षानं मला कुणीतरी म्हणालं,
"चीटिंग करतोस व्हय रं?"
त्या रात्री मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"राणी घेतली म्हंजे तुझी झाली असं न्हाई,"
दस्तगीर सांगायचा,
"मागनं एक साधी सोंगटी घालाय लागती.
कव्हर नसलं की राणी परत मधी."
त्याला खेळातलंच म्हणायचं असावं.

ऑगस्टात तो आठ दिवस आला नाही.
सदर बाजारातल्या खोलीत गेलो,
तर भिंतीकडे तोंड.
मला सल्ले देता येत नाहीत.
जे दोनचार येतात ते त्याचेच.
कॉटखालचा बोर्ड ओढला. पावडर संपलेली,
वहिनींनी तांदळाचं पीठ दिलं.
काळ्याही माझ्या, पांढऱ्याही माझ्या,
अंधार पडेपर्यंत खेळत बसलो.
दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी राणी गेली.
कव्हर अगदी तोंडाशी,
शेंबड्या पोरानं घेतलं असतं.
माझा हात नेमका तेव्हाच.

"चुकलास नव्हं,"
भिंतीकडून आवाज आला.
वळला नाही तो.

राणी काढून मी परत मधे ठेवली,
स्ट्रायकर त्याच्या बाजूला सरकवला.
बराच वेळ तो तिथंच होता.
मी निघालो तेव्हाही.

उद्या जाताना पावडर न्यायला हवी.
पीठ सोंगट्यांना चिकटतंय.