नखाएवढी जाडी

नळीच्या भिंतीची जाडी शून्य पूर्णांक अडतीस मिलिमीटर.
करंगळीचं नख पाहा, साधारण तेवढीच.
आत जळून भागलेलं युरेनियम,
बाहेर पाणी,
आणि पाण्याच्या बाहेर आपण सगळे.

ही भिंत किती वर्षं टिकेल ते सांगणं
हे माझं काम.
खरी नळी मी कधी हातात घेतलेली नाही,
ती हातात घ्यायची नसतेच.
तुर्भ्याला तिसऱ्या मजल्यावर एक खोली,
कुरकुरणारा एसी,
आणि काही समीकरणं: एवढ्यावर मी तिला ओळखते.

काळाची एक पायरी म्हणजे एक महिना.
एन्टर दाबून चहा आणायला जाते,
परत येईतो साठ वर्षं झालेली असतात.
थंड पाण्यात झिर्कोनियम इतकं सावकाश झिजतं
की आलेख आडवाच दिसतो,
साहेब म्हणतात, स्क्रीन अडकलाय का?
(माझ्या घराच्या खिडकीची जाळी
खाडीच्या वाऱ्यानं तीन वर्षांत खाल्ली.
तिला मॉडेल लागलं नाही.)

भीती वेगळीच आहे.
हायड्रोजन धातूत शिरतो, आत सुया होऊन झोपतो.
भिंतीच्या कडेकडेनं झोपला तोवर बरं.
पाण्यातून काढून कोरड्या पिंपात ठेवताना
नळी तापते, मग निवते,
आणि निवताना त्या सुया उभ्या राहिल्या
तर भिंत पापडासारखी मोडते.
म्हणून मला आधीचं सगळं लागतं.
पाण्यात होती तेव्हा पाणी कसं होतं,
रोज, दर पाळीला.

त्या नोंदी रजिस्टरांत होत्या.
निळी शाई, डावीकडे झुकलेले आकडे,
खाली सही: हि. पां. घरत.
एकतीस वर्षं एकाच माणसाचा हात.
स्कॅन करून भरल्या, चाळणी लावली,
चाळणीनं नऊ दिवस बाहेर फेकले.
त्र्याण्णवचा जानेवारी.
वाहकता: १.४, १.४, १.४,
नऊ दिवस, सत्तावीस पाळ्या, एकच आकडा.
पाणी असं वागत नाही.
माणूस वागतो, घरी बसून रजिस्टर भरताना.

पायलीपाड्यात शोधलं त्यांना.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा,
पायाशी कोंबड्या.
मी शब्द जपून वापरले, तरी त्यांना कळलंच.
“खोटा लिवला असा वाटला तुला?”

मग बराच वेळ कोंबड्यांना दाणे.

“करफू व्हता. बदलीवाला आला नाय.
मी आतच. तिनी पाल्या मीच.
तलावाच्या काठाला चादर टाकून निजायचा,
घड्याल वाजला का उठून मोजायचा.
गच्चीवं जाऊन बघला तं चारी बाजूला धूर.
खाली येऊन परत मोजला.
पानी व्हता तसाच व्हता गो.
मना वाटला मीटरच बिघारला,
म्हनून दोन मीटरनी मोजला.”

दुसऱ्या मीटरचे आकडे कुठं लिहिले, विचारलं.
“ते कशाला लिवायचं? सारकंच तं व्हते.”

पुरावा म्हणून हे चालत नाही.
चार अभियंत्यांच्या समितीपुढे
हिरव्या चष्म्याची साक्ष मांडता येत नाही,
चाळणीचं म्हणणंही चुकीचं नाही.
मी दोन दिवस काहीच केलं नाही.
तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ दिवस परत आत घेतले,
अनिश्चिततेचा पट्टा थोडा रुंद केला,
आणि त्या ओळींच्या वर एक टीप लिहिली,
हॅश लावून, मराठीत:

# हे आकडे खरे आहेत. हिराजी पांडुरंग घरत तिथं होते.

हॅशनंतरचं संगणक वाचत नाही.
सरळ पुढच्या ओळीवर जातो.
एन्टर दाबलं. आलेख आडवा.
चहा आणायला उठले नाही,
तीनशे वर्षं बसून राहिले
उजव्या करंगळीचं नख
अंगठ्यानं दाबत.