बिघाडाचं कारण

दोन वर्षांच्या कॉलेजात मी धूळ शिकवतो.
म्हणजे ती कशी नसावी, ते.

सोमवारी संध्याकाळी सहाला, विस्कॉन्सिनमधल्या या नदीकाठी,
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून बारा जण येतात.
आधी केसांवर जाळी, मग टोपडं,
मग पांढरा अंगरखा, जमिनीला न टेकवता,
मग बूट, मग हातमोजे, दोन जोड.
नखशिखांत झाकून घ्या, मी सांगतो,
माणूस म्हणजे कोंड्याचं चालतं-बोलतं वादळ.
पावडर नको. पेन्सिल तर मुळीच नको.

वर्नेल स्टाशिक टोपड्याच्या आत हसते.
बावीस वर्षं तिनं कागदाच्या मिलमध्ये काढली,
शेवटची सहा तपासणीच्या खोलीत.
मिल बंद झाली त्या गुरुवारी
सँडविचलासुद्धा लगद्याचा वास होता म्हणे.
आता बावन्नाव्या वर्षी
शेजारच्या एकोणीस वर्षांच्या पाकू व्हांगला विचारते,
नॅनोमीटर म्हणजे नक्की केवढा गं?

मी काचेवर शून्यं काढतो. नऊ.
कुणाचाच चेहरा हलत नाही.
मग म्हणतो, आपलं नख आठवा.
एका सेकंदात ते वाढतं, साधारण तेवढा.
बारा जण हातमोज्यांतली बोटं बघत राहतात,
जणू काही ऐकू येईल.

मार्चमध्ये वर्नेलची चकती बिघडली.
पिवळ्या उजेडात सगळं नीट केलं होतं तिनं,
थेंब बरोबर मधोमध, गरगर फिरवणं, भाजणं, धुणं,
आणि तरी रेघांवर काहीतरी आडवं.
"माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाली.
"हे हात टनाटनाच्या रिळांचे."
पाकूनं काही न बोलता
चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सरकवली.

पडद्यावर ओंडका.
चपटा, पिळलेला, अंगावर ओळीनं वाटोळी छिद्रं.
मी म्हणालो, कचरा. पुन्हा करू.
वर्नेलनं खुर्ची पुढे ओढली.
"कचरा कसला, पाइन आहे हा.
लांब धागा. मेपलचा आखूड असतो.
ही छिद्रं बघा, झाड इथून पाणी प्यायचं.
आणि कडा पिंजल्यात. दळण जास्त झालंय.
रात्रपाळीचा माल."

खोलीत हवा गाळणारं यंत्र तेवढं घुमत राहिलं.

मग तिनं बाही चाचपली.
आत घडी घातलेली चिठ्ठी, साध्या कागदाची,
त्यावर माझ्याच सूचना, तिच्या अक्षरात,
पायरी एक ते अकरा.

अठरा वर्षं मी त्या वहीत
एकच शब्द वाचत आलोय, बिघाडाच्या रकान्यात: धूळ.
मीही तोच लिहितो.

त्या रात्री तिनं लिहिलं:
पाइन. बहुधा उत्तरेकडचा.
माझ्या बाहीतून आला. उद्या पुन्हा.

खाली पाकूचं बारीक अक्षर:
वाया गेलेला वेळ दोन तास चाळीस मिनिटं.
नखं वाढली, नऊ हजार सहाशे.