तांबडी टोपी

हॉलमधे व्हेलच्या तेलाचे आठ दिवे,
तिकीट पंचवीस सेंट. मला फुकट,
मंचावर झोपायला कुणीतरी लागतंच.

प्रोफेसर लूमिस गॅलपनं हात फिरवले
कपाळापासून कोपरापर्यंत, न शिवता,
मांजराला कुरवाळावं तसे,
पण मधे बोटभर हवा ठेवून.
"आता तू माझ्या इच्छेत आहेस," तो म्हणाला.
खरं सांगू?
मी पहाटे साडेचारच्या घंटेच्या इच्छेत होते.
तेरा तास चार मागांमधे उभी राहिल्यावर
मला पाठ टेकायला खुर्ची मिळाली होती.
त्यानं हात फिरवले नसते
तरी मी झोपले असते.

दंडात टाचणी खुपसली. कळली.
पण ओरडायचं तर आधी जागं व्हावं लागतं.
डॉक्टर स्टिकनींनी पापणी उचलून पाहिली, सोडून दिली,
आणि टाळ्या पडल्या
फळ्यांच्या छपरावर गारा पडाव्यात तशा.

मग मागून एक बाई.
(मिसेस हॅझन, हे पुढे कळलं.
मुलगा एब्नर देवमाशांच्या जहाजावर,
अडीच वर्षं पत्र नाही.)
"दिसतो का गं तो तुला?"

मला दिसत होतं आमचं व्हरमाँटमधलं स्वयंपाकघर,
मक्याची लापशी, धाकट्या भावाचा वाडगा,
आणि घरातही डोक्यावरून न उतरणारी त्याची टोपी.
म्हटलं, जेवतोय. टोपी तांबडी आहे.

ती बाई इतकी हळू रडायला लागली
की मला जाग आली.
मी डोळे मिटूनच ठेवले.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ वहीत काही टिपत होते.
बर्फ वितळता वितळता ती गोष्ट मासिकात आली.
बोर्डिंगात आम्ही सोळा जणी, दिवा एक,
लव्हीनिया मोठ्यानं वाचते आहे:
फिकट मुलगी, काळ्या डोळ्यांचा मांत्रिक,
त्यानं बोट हलवलं की तिचा आत्मा
पाळीव कबुतरासारखा जातो, येतो.
शेवटच्या पानावर येत नाही.
मुली मुसमुसल्या. मी मोजा रफू करत होते.
त्या मुलीला नाव नव्हतं,
केसांत कापसाची तूस नव्हती,
सबंध सतरा पानांत ती एकदाही जेवली नाही.

"ऑर्फा, ही तूच!"
त्या रात्री माझ्या शेजारी निजणाऱ्या डॉर्कसनं
दोनदा माझ्या नाकापुढे हात धरला.

हसू नका. तिसऱ्या दिवशी मीही
मागापाशी गुपचूप स्वतःची नाडी पाहिली.
टाचणीला, अमोनियाला, प्रोफेसरच्या दहा बोटांना
जे साधलं नाही
ते एका माणसानं घरी बसून,
बहुधा पायाशी शेगडी घेऊन, करून टाकलं.

शेवटचं पान मी खिडकीच्या चौकटीला डकवलं.
पुस्तकाला आत बंदी, कागदाला नाही.
विणकामाच्या खोलीत हवा ओली ठेवतात, सूत तुटू नये म्हणून.
आधी शाई पसरली,
मग मांत्रिकाचे डोळे गेले,
मग तिचा शेवटचा श्वास.
मी त्या गृहस्थांना एक पत्र लिहिणार होते.
चांगलं खरमरीत.
निम्मं लिहिलंही होतं.

तेवढ्यात रविवारी मिसेस हॅझन आल्या.
फडक्यात गुंडाळलेला अ‍ॅपल पाय,
हातमोजे काढलेच नाहीत.
"आज दिसला?"
कुणी हात फिरवला नव्हता.
मी जागी होते, लख्ख, खिडकीत ऊन होतं,
टेबलावर माझंच पत्र पालथं पडलेलं.

"जेवतोय," मी म्हटलं.
"आणि टोपी?"
अडीच वर्षांवर आणखी एक हिवाळा गेलेला.
खारं वारं, वरचं ऊन.
"जरा विटलीय," म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जशी कुणी
दुकानातला भाव ऐकून हलवतं.
पुढच्या रविवारी आल्या त्या
तांबड्या लोकरीचा गुंडा घेऊन.
म्हणाल्या, माप सांग.