पाचवी रेघ

गुरुवारची ओपीडी. सिंदेवाहीचं ग्रामीण रुग्णालय,
खोली नंबर चार. खिडकीबाहेर राइस मिलचा कोंडा उडतो
आणि रांगेतले सगळे पदरात, दुपट्ट्यात शिंकतात.

मी कपाळावर दिवा बांधते,
चिमट्यानं नाकपुडी जराशी उघडते.
आत एक ओलं, गुलाबी भुयार,
मधोमध पडदा. पडदा कसला, धुराच तो,
दोन्हीकडच्या वावरांनी थोडा थोडा ढकललेला.

रजिस्टरच्या मागल्या पानावर रेघा मारते.
चार उभ्या, पाचवी तिरपी, असं मोजायला शाळेत शिकले.
इथं उलटं.
चार वाकडे निघतात
तेव्हा कुठे एखादा सरळ.

तुळसाबाई निकुरे कानासाठी आल्या होत्या. वाकडा.
पत्रू कोडापे, घशात माशाचा काटा. वाकडा, डावीकडे.
गुरनुल्यांची सून नुसती सासूच्या सोबतीला,
"माहंही पाहून घ्या ना जी," म्हणाली. तिचाही.

"हाड वाढलं काय जी?"
वाढलं नाही काही. कललंय.
"कशानं?"
कशानं सांगू. मोहावरून पडला असाल,
दावं सोडताना बैलानं मान झटकली असेल,
नाहीतर जन्मतानाच, आईच्या अरुंद वाटेत
डोकं वळवून घेताना.
"आन् मी तं नाकासमोर चालत आलो जन्मभर,"
पत्रू हसला. जपून,
काटा अजून निघायचा होता.

हरबाजी लेनगुरे, तीस वर्षं झाडीपट्टीत खलनायक.
मंडई लागली की रात्रभर गर्जतो.
त्याच्या उजव्या नाकपुडीत माझा दिवासुद्धा शिरेना.
ऑपरेशन करू, म्हटलं.
"मंग आवाज?"
खुर्चीतच पुढे सरकला.
"या आवाजानं गावोगावची पोट्टी आईच्या मांडीत तोंड लपवतेत.
तो सरळ झाला तं मले कोण बोलावल?
राहू द्या जी. माहा पडदा मीच पाडीन."

मडावी सिस्टर चिमटे उकळत ठेवताना म्हणाल्या,
"एवढे वाकडे, मॅडम,
तं मंग वाकडं म्हणाव कोणाले?"
मी पुढचं नाव पुकारलं.

अंकुश मोहुर्ले, वय एकोणीस, मिलवर हमाली.
भुवयांवर कोंडा, पापण्यांवर कोंडा.
"श्वासच पुरत नाही जी. रात्री उठून बसतो."
दिवा लावला. पडदा पट्टीनं आखल्यासारखा.
चिमटा बदलून पुन्हा पाहिलं,
दुसरीकडून पाहिलं,
आणि उठून खिडकी लावून घेतली.

थंड पट्टी नाकाखाली धरली.
सगळ्यांची वाफ एकीकडे रुपयाएवढी,
दुसरीकडे हरभऱ्याएवढी उमटते.
त्याचे दोन सारखे गोल उमटले, अगदी सारखे,
आणि इतरांच्या आधी विरले.

मागल्या पानावर चार रेघा उभ्या होत्या.
पेन हातात होतं.
मी स्टेथोस्कोप शोधत होते.