पट्टेवाले

कृष्णकमळ मी लावलं नव्हतं.
नेरेइदाच्या अंगणातून ते कुंपण चढून आलं
न विचारता,
आणि मार्चमध्ये त्याच्या कोवळ्या तणाव्यांच्या टोकाशी
पिवळी अंडी दिसली. मोहरीहून बारीक, उभी.
चष्मा कपाळावर सरकवून मोजली. नऊ.

मग सुरवंट.
पांढरेफेक, काळ्या काट्यांचे,
अंगभर ठिपके, कुणी पेन झटकल्यासारखे.
खायचं, कात टाकायची, पुन्हा पंगतीला बसायचं.
मी रात्रपाळीहून यायचो
तोवर आणखी एक पान देठापर्यंत गेलेलं.
"फवारू का?" नेरेइदानं कुंपणावरून विचारलं.
वेल तिचा, सुरवंट कुणाचे?
मी म्हटलं, राहू दे.
पानातलं विष ते अंगात साठवतात,
पाखरं म्हणून त्यांच्या वाटेला जात नाहीत,
हे तिला इंग्रजीतून नीट सांगता आलं नाही.

कोष तर ओळखूच येईना.
चुरगळलेलं वाळकं पान, वर दोन कान,
कुशीला चांदीचे चार थेंब.
बोट लावलं तर वळवळला आणि करकरला,
नव्या वहाणेसारखा.
त्यावर दोन नर ठाण मांडून.
आतली अजून जन्मायची आहे
आणि वर दारात!
आमच्याकडे स्थळ बघायला येणारेसुद्धा
निदान पोहे होईपर्यंत थांबतात.

ती निघाली पहाटे,
पिळून ठेवलेल्या रुमालासारखे पंख घेऊन.
तासाभरात ते लांबले. अरुंद, काळे,
त्यावर फिकट पिवळे पट्टे,
खालून, मुळाशी, लाल ठिपके,
कुंकवाचं बोट पुसावं तसे.

हे म्हणे फ्लोरिडाचं राज्य-फुलपाखरू.
म्हणजे सरकारी. आणि पट्टे.
मला हसू आलं, एकट्यालाच, ओकालाच्या त्या अंगणात.
बाबा एकतीस वर्षं बुलढाण्याच्या कचेरीत
साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर.
छातीवर तिरका पट्टा, पितळी बिल्ला.
बसल्या बसल्या झोपायचे, पण घंटी वाजली की उभे.

यांची हजेरी संध्याकाळी.
दिवसभर परागकण चघळत हिंडायचं,
त्यावरच म्हणे महिनोन् महिने जगतात,
आणि ऊन उतरलं की त्याच एका वाळक्या फांदीवर
एकेक येऊन लटकायचं. जागा ठरलेल्या.
उशिरा येणाऱ्याला जरा पंखानं ढकलाढकली.
मग सगळे गप्प.
एकदा सतरा मोजले.

ऑक्टोबरात वसाहतीच्या समितीचं पत्र आलं:
वाळकी फांदी आठ दिवसांत काढावी.
काढली. मी कायदा पाळणारा माणूस.

त्या संध्याकाळी ते आले.
फांदी होती तिथल्या हवेत
गिरट्या घालत राहिले. बसायला काही नव्हतं,
तरी तिथंच.
बराच वेळ.

मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला,
फांदी ओढून काढली,
बुटाची नाडी सोडून कुंपणाला बांधली, जरा वाकडीच.
नेरेइदानं टॉर्च धरला. ती काही बोलली नाही.

पहिला बसला. मग बाकीचे.
अंधारात नीट मोजता आले नाहीत.

दंड पंचवीस डॉलर आहे.
पावती फ्रिजवर लावली आहे.
रोज सहाच्या सुमाराला
मी सैल बुटानं अंगणात जाऊन उभा राहतो.