प्रश्न पडतो

लँकॅस्टरला आलो तेव्हा बॅगेत दोन स्वेटर,
मेतकुटाची पुडी आणि कऱ्हाडच्या कॉलेजात
वादविवादात मिळालेली ढाल होती.
ढाल कशाला नेतोस, आई म्हणाली होती,
तिथे कोण तलवार घेऊन उभं आहे?

थिसलथ्वेट बाईंचा वर्ग मंगळवारी चारला.
नोव्हेंबरात चारलाच अंधार.
हीटर टकटकायचा, बाई मोज्यांवर मोजे चढवून यायच्या.
त्या दिवशी विषय होता :
मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायला हवा का?

बॅरोचा कॅलम, एरवी
वहीच्या कोपऱ्यात बोटी काढत बसणारा,
अडखळत म्हणाला, हवा. बहुतेक.
का ते नाही सांगता येत.

मी त्याला तीन मुद्द्यांत आडवा केला.
ऐकणाराच उरला नाही, तर शब्द मोडला हे कळणार कुणाला?
नुकसान कुणाचं?
आणि सावकारच नाही तर कर्ज कसलं?
पोरं हसली. कुणीतरी बाक वाजवला.
कॅलमने बोटीला आणखी एक शीड काढलं.

बाई हसल्या नाहीत.
त्याला विचारलं, कुठला शब्द?
तो म्हणाला, आईचं फ्युशियाचं रोप.
थंडी आली की कुंडी आत घ्यायची. घेतो मी.
मला ती फुलं आवडत नाहीत.

बाई गप्प.
इतका वेळ, की एकीने घड्याळ पाहिलं.
मग म्हणाल्या, यावर माझा लेख आहे,
सव्वीस वर्षांपूर्वीचा. याने आत्ता मांडलं तेच त्यात आहे,
जरा बऱ्या इंग्रजीत.
आता वाटतंय, रोपाचं काय करायचं
ते त्या लेखाला ठाऊक नाही.

आणि उरलेला तास
स्वतःच्याच लेखाला ठिकठिकाणी दाबून पाहत राहिल्या,
डॉक्टर पोट दाबून पाहतात तसं.
इथे दुखतं? इथे?

बसस्टॉपवर मी त्यांना गाठलं.
हरलो नव्हतो, तरी काहीतरी जिंकायचं राहिलं होतं.
गंमत म्हणून सांगितलं,
आमच्या भाषेत वाद घालतात. घाव घालतात, तसाच.
फुंकरही घालतात, हे तेव्हा आठवलं नाही.
आणि प्रश्न?
प्रश्न पडतो, म्हटलं,
स्वप्न पडतं, थंडी पडते, तसा.
त्या वळल्या. कुठून पडतो?

मी तोंड उघडलं.
किती जणांना निरुत्तर केलं होतं आजवर,
पण तो शब्द आतून कसा असतो
ते माहीत नव्हतं.
मोरकँबची बस आली, गेली.
पुढचीही गेली.
बाई ओल्या डांबराकडे बघत होत्या,
खरंच तिथे कुणाचं काही पडलं असावं तशा.

मी तत्त्वज्ञ झालो नाही.
प्रेस्टनला विमा कंपनीत आहे, दावे फेटाळतो,
बहुतेक तीन मुद्द्यांत. पोट भरतं.
घरीही जिंकतो.
परवा जिंकलो,
तर मंदाकिनी ताट उचलून आत गेली,
ओट्यापाशी उभ्याने जेवली.

त्याच आठवड्यात बाईंचं कार्ड आलं, अकरा वर्षांनी,
ऑफिसच्या पत्त्यावर. वर समुद्र, भरतीचा.
मागे चार ओळी. पहिल्या तीन खोडलेल्या,
पण उजेडाला धरल्या की वाचता येतात :
प्रत्येकीची सुरुवात 'म्हणजे' अशी.
चौथी ओळ नीट, शाळकरी अक्षरात :
पडलेला प्रश्न उचलायचा कुणी,
ज्याला पडला त्याने,
की ज्याला दिसला त्याने?

उत्तर लिहायला बसलो.
लगेच तीन मुद्दे सुचले. तिन्ही चोख.
कागद तसाच टेबलावर आहे.
बाहेर दव गोठायला लागलंय,
आणि मघापासून मला वाटतंय,
कॅलमला एकदा विचारावं,
कुंडी आत घेतलीस का.