पौषातला आकडा

श्रावणात आला होता विक्रेता, पुण्याहून.
बॅगेत सहा लाद्या, राखाडी, कडांना दात.
रबरी हातोडीने ठक् ठक् करत
एकमेकींत बसवल्या त्याने टेबलावरच,
मीटर टेकवलं आणि म्हणाला, बघा मॅडम,
दहाचा सातवा घात. नापास व्हायला जागाच नाही.

खिडकीबाहेर कुडाळ एमआयडीसीचा पाऊस.
आत काडेपेटी पेटत नव्हती,
डब्यातले पापड डब्यातच मऊ.
असल्या हवेत मी जेवणाचं प्लास्टिकचं ताट ठेवलं असतं
तरी पास झालं असतं.

लाद्या ठेवून जा, म्हटलं. पौषात कळवते.
भाव वाढेल तोवर, तो म्हणाला.

आम्ही बोर्ड बनवतो, मासळीचा माग काढणाऱ्या यंत्रांचे.
गेल्या जानेवारीत एकशे बारा परत आले.
जळल्याचा वास नाही, डाग नाही.
देवगडच्या एका तांडेलाने सोबत चिठ्ठी दिलेली:
तुमच्या यंत्राक तळ दिसता, मासळी दिसणा नाय.
भिंगाखाली धरला तेव्हा
केसाहून बारीक एक खड्डा.
बोटालाही कळू नये एवढी ठिणगी.
कुणीतरी खुर्चीवरून उठलं असेल,
पदर सावरला असेल,
बास.

तर पौष.
यंदा मतलई दुपारपर्यंत टिकली,
ओठ फुटले, केस कंगव्यामागे धावू लागले,
आर्द्रतेचा काटा एकतीसवर.
याच दिवसाची वाट पाहत होते मी,
लोक मुहूर्ताची पाहतात तशी.

सव्वादोन किलोची दोन वजनं, मध्ये तीन फूट.
एका लादीवर: आठवा घात. ठीक.
दुसरीवर ठीक.
मग एक वजन या लादीवर, एक पलीकडच्या,
मध्ये सांधा,
आणि आकडा एकदम अकरावर.
पुन्हा ठेवलं. अकरा.

बाबा जांभ्याचे चिरे लावायचे.
चिरा काय, कुणीही तासतो, म्हणायचे,
गवंडी सांध्यात कळतो.
मी गुडघ्यांवर बसले, नखाने सांधा उकरला.
नखात मेण आलं.

सत्यवती धुरी दारात बादली घेऊन उभी.
साहेबांका चकचकीत लागता, ती म्हणाली,
म्हणान मी दर शनवारी पॉलिश मारतंय.
माझा काय चुकला?
काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.
नुसत्या पाण्याने दोघींनी घासलं, दात न् दात,
ब्रश माझ्या घरचा, जुना.
दोन दिवस सुकू दिलं.
सांध्यावर आठ.

मग तिलाच चालायला लावलं,
टाचेला पट्टा, हातात तारेची दांडी.
ती लाजली, साडी धरून चालली,
जत्रेत अनोळखी लोकांतून चालावं तशी.
माझ्यात काय मोजतंस गो?
पडद्यावर रेघ वर गेली, खाली आली,
पस्तीस व्होल्ट.
जुन्या फरशीवर हीच बाई बाराशेवर गेली होती.
तिला सांगितलं तर म्हणाली,
मगे माका इतकी वर्सा कोणी सांगूक नाय?

याचं उत्तर अहवालात बसत नाही.
अहवालात लिहिलं:
लादी पास. पॉलिश नापास.
आर्द्रता एकतीस, तारीख, सही.
खाली पेनाने: दर पौषात पुन्हा मोजणे.
मॅनेजरने विचारलं, मग चमक?
मी म्हटलं, मासळीची बघा.
तो हसला नाही.

विक्रेत्याला फोन केला. फुटामागे अठरा रुपये वाढलेले.

संध्याकाळी शेडच्या मागे गेले,
जिथे तांब्याची पट्टी जमिनीत उतरते.
खड्ड्यात कोळसा आहे आणि शिरोड्याचं मीठ,
तेच मीठ, जे बोर्डांना बुरशीसारखं खातं
म्हणून आम्ही खिडक्या सील करतो.
कातळ तापून कोरडा ठाक.
लाद्या कितीही चांगल्या असोत,
ही जमीन घेईना तर कुठे जाणार सगळं?
सत्यवतीची बादली अजून अर्धी होती.
मी ती ओतली.
पाणी थोडा वेळ वरच राहिलं,
मग गेलं.